अंगणात बसून ब्रेकच्या डिस्क आणि पॅड बदलताना

पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत आलात की एकदा गाडी बाजूला घ्या आणि पुढच्या चाकापाशी नाक न्या. कपड्यावर इस्त्री जरा जास्त वेळ टेकल्यासारखा वास येईल. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत पाचशे मीटरहून जास्त फरक आहे. चार माणसं बसलेली पंधराशे किलोची गाडी तेवढी खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात वीस-बावीस लिटर पाण्याला उकळी फुटेल. त्यातला थोडा वाटा इंजिन आणि वारा उचलतात. उरलेली उष्णता लोखंडाच्या चार ताटल्यांत जाते, त्यातही बरीचशी पुढच्या दोनांत. या ताटल्या म्हणजे डिस्क आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ते पॅड.

साताऱ्यात राहून गाडी चालवायची म्हणजे घाट चुकत नाहीत. कासला जा, यवतेश्वर घाट आहे. महाबळेश्वरला मेढ्याकडून जा, केळघर घाट आहे. पुण्याला जा, खंबाटकी आहे. वरून चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे गाडी दोन दिवस उभी राहिली तरी डिस्कवर तांबूस गंजाचा थर. इथे पॅड आणि डिस्क सपाटीवरच्या गाडीपेक्षा लवकर संपतात.

माझी गाडी अबार्थ पुंटो. 2015 साली बाजारात आलेली, रांजणगावच्या कारखान्यात बनलेली, 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 बीएचपी, चारही चाकांना डिस्क. तुमच्याकडे ऑक्टाव्हिया आरएस असो की दुसरी कुठली जोरात पळणारी गाडी, कामाचा क्रम हाच राहतो. पान्यांची मापं आणि टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचे त्याचे, आकडे तेवढे बदलतात. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर मागचं प्रकरण वेगळं आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. पॅड आणि डिस्क काढून नवीन बसवायला एका चाकाला वीस मिनिटं पुरतात. उरलेले दोन तास गंज काढण्यात जातात, आणि ब्रेक नीट लागणार की नाही ते त्या दोन तासांत ठरतं. हे मला पहिल्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. नव्या डिस्क घातल्या, मिशांना पीळ देत गाडी हायवेला काढली, आणि ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला तर स्टिअरिंग थरथरायला लागलं. डिस्कच वाकड्या आल्या म्हणून मी आठवडाभर चरफडलो. शेवटी परत खोलून पाहिलं तर हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या मधल्या भागावर, डिस्क जिथे टेकते तिथे, गंजाची नखाएवढी खपली तशीच होती. कागदाइतकी जाड. ती खरवडली आणि त्याच डिस्क परत बसवल्या. थरथर गेली.

काम निघालंय हे कसं ओळखायचं

पॅडवर घासला जाणारा मसाला तीन मिलिमीटरवर आला की बदलायची वेळ झाली. चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो, पण त्यावर विसंबू नका. आतला, म्हणजे पिस्टनकडचा (पिस्टन म्हणजे ब्रेक दाबल्यावर ऑइलच्या जोराने पॅडला डिस्कवर ढकलणारा दट्ट्या) पॅड अनेकदा आधी संपतो, आणि तो चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही. काही पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते, मसाला संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. काहींना सेन्सरची तार असते, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. आणि ब्रेक लावल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखराट येत असेल, तर पुढचं वाचण्याआधी गाडी उभी करा.

डिस्कचं मोजमाप जरा फसवं असतं. तिच्या कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर किमान जाडीचा आकडा ठोकलेला असतो. पण वापरलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला न घासलेला काठ उभा राहतो, आणि जाडी मोजायचा व्हर्नियर त्या काठावरच टेकतो. मग डिस्क आहे त्यापेक्षा जाड वाटते. त्यावर सोपा इलाज म्हणजे दोन सारखी नाणी. एक आतून, एक बाहेरून, घासलेल्या भागावर धरा, सगळ्याची मिळून जाडी मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी मोजा. किमान आकड्याच्या जवळ पोचली असेल तर नवे पॅड घालून ती डिस्क पुढे ढकलू नका, कारण नवे पॅड संपायच्या आधी ती मर्यादेखाली जाईल. लेथवर डिस्क घासून घ्यायची जुनी पद्धत आहे, पण त्यानेही जाडीच कमी होते. पातळ डिस्क उष्णता कमी सामावते, म्हणजे घाटात लवकर तापते.

काय विकत घ्यायचं

डिस्क आणि पॅड नेहमी जोडीने बदलायचे, पुढची दोन्ही चाकं किंवा मागची दोन्ही चाकं. एकाच बाजूला नवं घातलं तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर बरीच अक्षरं छापलेली असतात. त्यात शेवटी दोन अक्षरांची जोडी सापडते, एफएफ किंवा जीजी अशी. पहिलं अक्षर गार असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. घाटवाल्यांनी तो घेऊ नये. उलट टोकाची चूकही होते. ट्रॅकवरचे रेसिंग पॅड घालून गाडी पोवई नाक्यावरच्या गर्दीत नेली तर ते पॅड गरमच होत नाहीत, आणि गार असताना त्यांची पकड साध्या पॅडपेक्षा कमी असते. शिवाय किंचाळतात ते वेगळंच.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झकास असतात, मलाही मोह झाला होता. पण वारंवार तापून गार होताना त्या भोकांपाशी बारीक तडे जायला सुरुवात होते. रस्त्यावरच्या गाडीला चांगल्या ओतीव लोखंडाची साधी, मधून हवा खेळणारी व्हेंटिलेटेड डिस्क पुरते. पैसे उरलेच तर ते चांगल्या पॅडवर आणि ताज्या ब्रेक ऑइलवर घाला.

पॅडबरोबर क्लिपांचा नवा संच मिळत असेल तर नक्की घ्या. शिवाय ब्रेक क्लीनरचा स्प्रे दोन डबे, कॅलिपरच्या (पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या चिमट्याच्या) पिनांसाठी रबराला चालणारं सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, वायर ब्रश, 80 नंबरचा पॉलिश पेपर, नायट्राइलचे हातमोजे, मास्क. हत्यारांत सॉकेटचा संच, लांब दांड्याचा ब्रेकर बार, ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क रेंच, हातोडी, मोठा सी-क्लॅम्प. टॉर्क रेंच महाग वाटतो खरा. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दिवसभरासाठी मागून आणा, पण अंदाजाने आवळू नका.

पार्ट हातात आल्यावर लगेच जुन्याशी ताडून बघायची सोय नसते, म्हणून निदान डिस्कचा व्यास, जाडी आणि बोल्टच्या भोकांची संख्या मॅन्युअलमधल्या आकड्यांशी जुळवा. एकाच मॉडेलला इंजिनाप्रमाणे वेगवेगळ्या मापाच्या डिस्क असतात, आणि माहिती असलेला दुकानदारही चुकतो.

गाडी वर घेणं

साताऱ्यातल्या जुन्या पेठा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वसलेल्या, गल्ल्या उताराच्या. अशा गल्लीत हे काम करू नका. सपाट जागा शोधा, मित्राचं अंगण, सोसायटीचं पार्किंग, काहीही. शहाबादी फरशी असेल तर घोडीच्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी आधाराच्या, पायाखाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला, नाहीतर फरशी तडकते आणि घोडी कलते.

दिवसही बघून घ्या. स्पेअर पार्टची दुकानं बंद असतील त्या दिवशी सुरुवात केलीत तर हमखास त्याच दिवशी एखादा स्क्रू तुटतो. मी सकाळी नाश्ता करून बसतो, म्हणजे काही अडलंच तर दुकान उघडं असतं आणि उजेडही. आणि घरात किंवा शेजारी कोणीतरी असावं. एकट्याने गाडीखाली हात घालायचा नाही.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पी वर. पुढचं काम असेल तर हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. गुटके नसतील तर ट्रकवाले लावतात तसे चांगले चौकोनी दगड. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, वर घेतल्यावर चाकच फिरायला लागतं. मग जॅक, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. मग घोडी. गाडीचं वजन घोडीवर उतरलं की धक्का देऊन बघा. हलत असेल तर परत बसवा. डिकीतला जॅक पंक्चरचं चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर काम करायचं नाही. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या पायावर नाही.

खोलणं

आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघा. पिस्टन आत ढकलला की तिथलं ऑइल वर चढतं. पातळी वरच्या रेघेला टेकली असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. हे ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलून निघतो, म्हणून पाण्याची बादली जवळ ठेवा आणि सांडलं की लगेच भरपूर पाणी ओता.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू हीच तुमची चित्रमय पुस्तिका. क्लिप कुठल्या दिशेने होती हे विसरलात तर तिकडे जाऊन बघता येतं. तरीही मोबाइलवर फोटो काढत चला.

स्टिअरिंग बाहेरच्या बाजूला वळवलं की कॅलिपरची मागची बाजू समोर येते. तिथे दोन जोड्यांचे बोल्ट दिसतील. लहान जोडी कॅलिपर सरकतो त्या पिनांची, मोठी जोडी कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटची. लहान बोल्ट काढले की कॅलिपर निघतो. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडायचा नाही, आतून नळी फाटते आणि बाहेरून कळतही नाही. कपडे वाळत घालायच्या तारेच्या हँगरचा आकडा करून कॅलिपर सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. मग जुने पॅड काढा. आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवून बघा. एक दुसऱ्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल, किंवा पॅड तिरका झिजला असेल, तर बहुधा कॅलिपरची पिन जाम आहे. ही बातमी महत्त्वाची, पुढे लागेल.

ब्रॅकेटचे मोठे बोल्ट हट्टी असतात. ब्रेकर बार लावा आणि झटका न देता संथ जोर लावा. पाण्यापावसात चाललेल्या गाडीत आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलेलं बरं.

डिस्क हबवर एक-दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते. हे स्क्रू म्हणजे या सगळ्या कामातला खरा शत्रू. डिस्क चाकाच्या बोल्टांनीच आवळली जाते, स्क्रू फक्त ती जागेवर राहावी म्हणून असतात, पण गंजून असे बसतात की स्क्रूड्रायव्हरने त्यांचं डोकं खाल्लं जातं. आधी हातोडीने डोक्यावर दोन-तीन नेमके ठोके द्या, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोकल्यावर फिरणारा पाना, वापरा. डोकं खाल्लं गेलंच तर ड्रिलने उडवा. नवीन स्क्रू काही रुपयांत मिळतो.

स्क्रू निघूनही डिस्क हलत नसेल तर मधल्या टोपीवर फिरवत फिरवत ठोका. जुनी डिस्क टाकूनच द्यायची आहे, त्यामुळे हयगय करू नका, पण चेहरा समोर ठेवू नका. काही डिस्कना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. ब्रेकची काळी भुकटी कंप्रेसरने उडवू नका, फुंकर तर मुळीच नको. स्वस्त पॅडमध्ये काय काय कालवलेलं असतं याचा भरवसा नाही. मास्क लावून ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

गंज

आता चहा घ्या, कारण इथून पुढचं काम कंटाळवाणं आहे.

हबचा सपाट चेहरा, जिथे डिस्क टेकते, तो वायर ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने घासा. मधल्या उंचवट्याच्या मुळाशी आणि बोल्टच्या भोकांभोवती गंज दडून बसतो, तिथे कागद बोटाला गुंडाळून घासा. डोळ्यांनी समाधान मानू नका, बोट फिरवा. खडबडीत लागलं की परत घासा. हे एवढं का? हबपाशी 0.05 मिलिमीटरचा फरक राहिला तरी डिस्कच्या बाहेरच्या कडेला तो वाढून दिसतो, कारण कडा केंद्रापासून लांब आहे. डिस्क फिरताना अशी किंचित डुलत राहिली की प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच ठिकाणी घासते, तिथे झीज होते किंवा पॅडचा मसाला चिकटतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थडथडायला लागतं. तेव्हा लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. वाकडी झालेली नसते, तिची जाडी ठिकठिकाणी वेगळी झालेली असते.

मग ब्रॅकेट. पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथे पत्र्याच्या क्लिपा असतात. त्या काढा. त्यांच्याखाली गंज फुगून क्लिप वर उचलली गेलेली असते, खाच अरुंद होते आणि पॅड अडकतो. कानशीने हलक्या हाताने गंज काढा, धातू खाऊ नका. नव्या क्लिपा बसवा आणि नवा पॅड त्यात ठेवून बघा. बोटाने ढकलला की सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर खाच अजून साफ झालेली नाही.

मग पिना. ओढून बाहेर काढा, जुनं ग्रीस पुसा, पिन गंजली असेल किंवा तिच्यावर ओरखडे असतील तर नवीन घ्या. अनेक गाड्यांत एका पिनेला रबरी टोक असतं, दुसरीला नसतं. त्यांच्या जागा अदलाबदल करू नका. नवीन ग्रीस पातळ लावा. गाडीच्या इतर जोडांना मारतात ते पिवळं ग्रीस इथे चालत नाही; खनिज तेलाने रबर फुगतं आणि पिन जाम होते. मघाशी तिरका झिजलेला पॅड सापडला असेल तर तो बहुधा इथल्याच दुर्लक्षाचा पुरावा.

परत बसवणं

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू पुसा, किंवा भांड्याच्या साबणाने धुऊन लगेच कोरडी करा. डिस्क हबवर ठेवा, स्क्रू लावा. आता चाकाचे दोन बोल्ट वॉशरसह हलके आवळून डिस्क हाताने फिरवा. डिस्क किती डुलते ते मोजणारा डायल गेज असेल तर उत्तम. नसेल तर तारेचं टोक डिस्कजवळ स्थिर धरून फट बघा. फट डोळ्यांना कमी-जास्त दिसली तर परत उतरवा आणि हब पुन्हा बघा. मी ते केलं असतं तर माझा एक आठवडा वाचला असता. तपासून झालं की ते दोन बोल्ट काढून घ्या.

ब्रॅकेट बसवा आणि त्याचे बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. जुन्या बोल्टवर निळा किंवा लाल सुकलेला पदार्थ दिसला तर तो आटे धरून ठेवणारा गोंद आहे, आटे साफ करून नवीन लावा. काही कंपन्या हे बोल्ट दर वेळी नवीनच घालायला सांगतात.

पिस्टन आत ढकलताना जुना पॅड त्याच्यावर आडवा ठेवा आणि सी-क्लॅम्प सावकाश आवळा. पिस्टनभोवतीचं रबर फाटलं असेल किंवा ओलं दिसत असेल तर तिथेच थांबा, तो कॅलिपर दुरुस्तीला गेला पाहिजे. ब्लीडिंगच्या निपलला, म्हणजे ऑइलमधली हवा बाहेर काढायच्या कॅलिपरवरच्या छोट्या तोटीला, पहिल्या वेळी हात लावू नका. बंद असलेली हायड्रॉलिक यंत्रणा उघडली की हवा शिरते, आणि ती काढणं हा स्वतंत्र धडा आहे.

नवे पॅड बसवा. एकाला पाठीवर स्प्रिंगची क्लिप असेल तर तो पिस्टनच्या पोकळीत जातो. दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढच्या दिशेने चाक फिरतं त्या बाजूला. पॅडच्या कानांना आणि पाठीवर पिस्टन टेकतो तिथे ब्रेकचं ग्रीस अगदी पुसट लावा. घासणाऱ्या बाजूला बोटही लावू नका. ग्रीस लागलेला पॅड पुसून वापरायचा नसतो, तो गेला.

कॅलिपर खाली घ्या, पिनांचे बोल्ट आवळा. नळीला पीळ बसलेला नाही ना ते स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. मग चाक. माझ्या गाडीत नटाऐवजी बोल्ट आहेत, त्यामुळे जड चाक हातात तोलत भोकं जुळवावी लागतात. जमिनीवर बसून पाय टायरखाली घालायचा आणि पायाने चाक उचलायचं, हात मोकळे राहतात. बोल्ट हाताने लावून घ्या, मग आडव्या-तिडव्या क्रमाने, आणि शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर आल्यावर.

मागची चाकं

मागे डिस्क असेल आणि हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन नुसता ढकलून आत जात नाही. तो दाबता दाबता फिरवावा लागतो, त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं. सी-क्लॅम्पने जबरदस्ती केलीत तर आतली यंत्रणा मोडते आणि कॅलिपरच नवा घ्यावा लागतो. बहुतेक पिस्टन घड्याळाच्या दिशेने फिरतात, काही उलटे. हे काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणून पुढच्या चाकांना गुटके दुप्पट काळजीने. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर स्कॅनर लावून गाडी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते. तो स्कॅनर नसेल तर मागचं काम गॅरेजला द्या, त्यात कमीपणा नाही.

किल्ली फिरवण्याआधी

पेडल पंप करा. पुन्हा लिहितो, गाडी हलवण्याआधी पेडल पंप करा. पिस्टन तुम्ही मागे ढकलले आहेत, पॅड आणि डिस्क यांच्यात फट आहे. पहिल्यांदा दाबलंत तर पेडल जमिनीला टेकेल. सावकाश, अर्ध्या-पाऊण अंतरापर्यंत दाबत राहा, आठ-दहा वेळा, पेडल घट्ट लागेपर्यंत.

मी एकदा विसरलो होतो. गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला, पाय थेट खाली गेला. हँडब्रेक ओढला तेव्हा मागचा बंपर शेजारच्या काकांच्या स्कूटरपासून वीतभर होता. काका गॅलरीतूनच म्हणाले, “ब्रेक बदलले वाटतं?”

पेडल घट्ट झाल्यावर ऑइलची पातळी पुन्हा बघा, दोन रेघांच्या मध्ये हवी. कमी असेल तर बाटलीच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल, नुकत्याच फोडलेल्या सीलबंद डब्यातलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 प्रमाणाचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं लागतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी कितीही कमी चालली असली तरी. डॉट 5 नावाचं सिलिकॉन ऑइल वेगळं, ते यात मिसळत नाही. डॉट 5.1 मात्र डॉट 4 च्याच घराण्यातलं.

पॅड आणि डिस्कची ओळख करून देणं

नवे पॅड नव्या डिस्कवर पहिल्याच दिवशी पूर्ण पकडत नाहीत. पॅडच्या मसाल्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो, आणि तो गरम करूनच बसतो. आधी घराजवळ दहा-वीसच्या वेगात चार-पाच वेळा थांबून बघा, आवाज, ओढ, गळती काही नाही ना. मग मोकळा, सरळ, सपाट रस्ता. मी रविवारी पहाटे कोरेगाव रस्त्याला जातो. आरशात मागे कोणी नाही हे बघून साठच्या वेगातून पंधरा-वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत साठ, परत ब्रेक. असं आठ-दहा वेळा. पॅडच्या डब्यावर कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. थोडा वास येईल, क्वचित धूरही. डिस्कवरचा उरलेला तेलाचा थर जळतो. त्यानंतर पाच-सात किलोमीटर ब्रेक शक्य तितका न लावता चालवा म्हणजे सगळं गार होईल.

या वेळी एक चूक टाळा. गरम डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी करून ठेवू नका. पॅड जिथे टेकलेला असतो तिथेच मसाल्याचा ठसा उमटतो, आणि पुढे ती थडथड. घाट उतरून आल्यावर नाक्यावर सिग्नलला थांबताना मी हँडब्रेक ओढतो आणि पाय काढतो, ते याच कारणाने. माझ्या गाडीत तो मागच्या चाकांना लागतो, पुढच्या तापलेल्या डिस्क मोकळ्या राहतात.

पहिले दोनशे किलोमीटर कचकचीत ब्रेक मारायची वेळ आणू नका, आणि तेवढ्यात घाटही नको. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा. काम झाल्यावर एका लांब फेरीनंतर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, चिकटवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागलं तर तिथला पॅड किंवा पिन अडकलेली आहे, परत खोला.

आणि घाट उतरताना, ब्रेक कितीही नवे असले तरी, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पायाने सतत हलका ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा नेमका दाबून सोडावा, म्हणजे डिस्कला मधे गार व्हायला वेळ मिळतो.

जुन्या डिस्क चांगल्या जड ओतीव लोखंडाच्या असतात, भंगारवाला किलोवर घेतो. माझी एक त्याने नेली. दुसरी आईने ठेवून घेतली. वाऱ्याने आपटणाऱ्या गेटला अडसर म्हणून ती तीन पावसाळे तिथेच आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला लागते.